तिपेडी वेणीचा गालिचा

काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातून मी एक गोल गालिचा घरी आणला. कापडाच्या रंगीत पट्ट्यांची तिपेडी वेणी घालायची आणि ती चकलीसारखी वेटोळी करीत जोडत जायची, असा त्याचा प्रकार. प्रदर्शनात तो भिंतीवर टांगलेला होता आणि फार देखणा दिसत होता. घरी शहाबादी फरशीवर अंथरला तेव्हा मात्र त्याची कड बसेना. एका बाजूने दाबावी तर दुसऱ्या बाजूने वर येई. वापरून बसेल, असे म्हणत मी तो बैठकीच्या खोलीत तसाच राहू दिला. आठवडाभरात सासूबाईंचा अंगठा त्या चुणीत अडकला, त्या पडल्या आणि उजवे मनगट मोडले. मी महाविद्यालयात गणित शिकवते. त्या गालिच्याची खोड ही मी दरवर्षी फळ्यावर लिहिते त्याच सूत्राची खोड होती, हे मला पडझड झाल्यानंतर सुचले.

हा गालिचा मूळचा उत्तर अमेरिकेतला, विशेषतः न्यू इंग्लंडच्या थंड मुलखातला. जुने लोकरी कोट, घोंगड्या, पोलकी फाडून त्यांच्या पट्ट्यांतून बायका तो घरी करीत. दुकानदार त्याला ‘वसाहतकाळातला’ म्हणून खपवतात. पण त्याचा खरा प्रसार एकोणिसाव्या शतकातला. १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील शताब्दी प्रदर्शनानंतर तिकडे जुन्या घरगुती वस्तूंचे कौतुक वाढले आणि हा गालिचाही त्या कौतुकात सापडला. आपल्याला यात परके वाटण्यासारखे काही नाही. आपली गोधडी, कन्नड घरांतली कौदी यांचा जन्मही फाटक्या लुगड्यातूनच होतो. हल्ल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांची कवंदी तर कडेकडून शिवत मध्याकडे येते. वेणीचा गालिचा नेमका उलटा: मध्यापासून सुरू होऊन बाहेर वाढतो. सारी अडचण या वाढण्यातच आहे.

वेणी १ इंच रुंद आहे असे धरा. प्रत्येक वेढ्यागणिक त्रिज्या १ इंचाने वाढते आणि परीघ २π, म्हणजे सुमारे सव्वासहा इंचांनी. गालिचा बशीएवढा असो की खोलीएवढा, ही वाढ तेवढीच राहते. पृथ्वीच्या विषुववृत्ताभोवती दोरी आवळून बांधली आणि ती सर्वत्र १ इंच वर उचलायची ठरवली, तर दोरी किती वाढवावी लागेल, हा प्रश्न मी वर्गात विचारते. मुले मैलांत उत्तरे देतात. उत्तर तेच, सव्वासहा इंच.

करणाऱ्या हाताला याचा अर्थ असा, की सुरुवातीच्या दोन-तीन वेढ्यांत ही वाढ अगदी थोड्या जागेत बसवावी लागते. आतल्या वेढ्याच्या एका पेडाला बाहेरच्या वेणीचे दोन-दोन पेड द्यावे लागतात. पुढे तीच वाढ लांबच लांब परिघावर पसरते, तेव्हा अशी जागा क्वचित येते. वाढ कमी दिली तर कड वर ओढली जाते आणि गालिच्याची परडी होते. जास्त दिली तर कडेला झालर पडते. माझा गालिचा करणाऱ्याने सुरुवातीचीच चाल शेवटपर्यंत चालवली होती.

लांबट गालिच्याचा हिशेब वेगळा. त्याच्या सरळ बाजूंवर वाढ मुळीच द्यायची नाही. दोन्ही टोकांच्या वळणांवर निम्मी-निम्मी द्यायची. मधली पहिली सरळ वेणी किती घ्यायची? लांबीतून रुंदी वजा करा. ५ फूट लांब व ३ फूट रुंद गालिचा हवा असेल तर २ फूट. इंचभर रुंदीची वेणी त्याला सुमारे १५७ फूट लागते. पट्ट्या अर्थातच याहून बऱ्याच जास्त, कारण वेणीत कापड आटते. आमच्या घरच्या हिशेबाला अडीच नऊवारी लुगडी लागली. पट्टीची रुंदी कापडाच्या पोतावर ठरते, तेव्हा आधी हातभर वेणी घालून मोजलेली बरी.

विकत घेताना टांगलेला गालिचा पाहून भुलू नये. तो जमिनीवर टाकायला सांगावा आणि आपण खाली वाकून, कड डोळ्यांच्या पातळीत आणून पाहावी. मग उलटा करावा. चांगल्या कामात दोरा दोन वेण्यांच्या पेडांतून गुंफलेला असतो, दोन्ही बाजूंनी दिसत नाही आणि गालिचा दोन्ही अंगांनी वापरता येतो. यंत्राचा नागमोडी टाका वरून मारलेला असेल तर तो दोरा पायांखाली आधी झिजतो आणि वेढे सुटतात. ओला पांढरा रुमाल घासून रंगही पाहावा.

जागेविषयी परदेशी पुस्तके सांगतात, की जेवणाच्या टेबलाखालचा गालिचा चहूकडे २ फूट बाहेर असावा, म्हणजे खुर्ची मागे ओढली तरी त्यावरच राहते. माझे मत विचाराल तर टेबलाखाली तो नकोच. भाताची शिते पेडांत शिरली की निघत नाहीत. आपल्याकडे माणसे जमिनीवर बसतात, तेव्हा गालिचा बसण्याच्या जागी असावा. ३ फुटी गोलावर एकच माणूस मांडी घालून ऐसपैस बसतो. चार-पाच जणांची बैठक असेल तर सरळ नवलगुंदचा जमखाना घ्यावा. धारवाड जिल्ह्यातल्या बायकांनी मागावर विणलेला तो सुती जमखाना सपाटच असतो, त्याला झालर पडत नाही. ज्यांच्या घरी जुन्या नक्षीच्या फरश्या आहेत त्यांनी त्या झाकूच नयेत. करड्या शहाबादीवर मात्र रंग खुलतात. एका वेळी तिन्ही पेड न बदलता एकेक पेड बदलत गेले, तर एक रंग दुसऱ्यात हळूहळू मिसळतो. बाहेरचे दोन-तीन वेढे गडद ठेवले की गालिचा नजरेत भरतो. आणि वृद्ध माणसाच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर कुठलाही सुटा गालिचा टाकू नये, मग तो कितीही सुबक असो.

बेळगावच्या पावसात सुती गालिचा ओल धरतो. आम्ही मृगाच्या सुमारास तो उन्हात तापवून, गुंडाळून, कडुलिंबाच्या पाल्यासकट माळ्यावर टाकतो. धुतलाच तर दोरीवर वाळत घालू नये, स्वतःच्याच भाराने ताणला जाऊन त्याचा आकार बिघडतो.

सासूबाईंचे प्लॅस्टर निघाले तेव्हा डॉक्टरांनी बोटांना व्यायाम सांगितला. त्यांनी तोच गालिचा पुढे ओढला आणि बाहेरचे सात वेढे उसवले. मी कागदावर परिघांचा तक्ता मांडून दिला. त्यांनी तो चष्म्याच्या घरात ठेवला आणि म्हणाल्या, “अगं, दर वेढ्याला जमिनीवर ठेवून वर बसून बघायचं. टोचलं की उसवायचं.” महिन्याभरात गालिचा फरशीला चिकटल्यासारखा बसला. आता तो खिडकीखाली, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर असतो, आणि त्यावर बसून त्या तांदूळ निवडतात. दीडएक हात वेणी उरली होती, तिची गरम पातेल्याखाली ठेवायची चकती झाली.