सह्याद्रीखालचे दगड (भाग 7) : थोरला कोण, नाईस की शिस्ट?

मागच्या भागात आपण दख्खनच्या काळ्या बेसाल्टच्या सोबतीने बेळगावपर्यंत आलो. बेळगावच्या दक्षिणेला हा बेसाल्ट संपत जातो. लोंढ्यावरून रामनगरला, म्हणजे जोयडा तालुक्यात शिरलो की मुलूख बदललेला असतो. सड्यावर लाल जांभा दिसतो, पण तो अलीकडचा. त्याखालचे खरे जुने दगड पाहायचे तर ओढ्यात उतरावे, नाहीतर अनमोडच्या घाटात रस्त्यासाठी डोंगर कापला आहे तिथे थांबावे. (ट्रक सांभाळून. हा घाट दगड बघणाऱ्यांसाठी केलेला नाही.)

हे जुने दगड मुख्यतः दोन जातींचे. एक नाईस : करड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, ग्रॅनाइटच्या जवळचा, टणक. दुसरा शिस्ट : हिरवट-काळपट, पापुद्र्यांनी फुटणारा. शिस्टच्या संगतीने क्वार्टझाइट, चुनखडी, लोखंडाचे पट्टे आणि मँगनीज येते. गोव्याच्या खाणींपासून जोयडा, दांडेली करत थेट शिमोग्यापर्यंत या शिस्टचा एक लांबलचक पट्टा गेला आहे आणि नाईस त्याच्या खाली-बाजूला आहे. या दोघांत थोरला कोण, एवढाच आजचा प्रश्न. त्यावर भूवैज्ञानिक जवळजवळ शंभर वर्षे भांडले, आणि भांडणाची सुरुवात ज्याच्यापासून झाली तो माणूस म्हणजे रॉबर्ट ब्रूस फूट.

फूट यांचे नाव आपल्याकडे बहुतेकांना वेगळ्याच कारणाने माहीत असते. जन्म 1834, इंग्लंडातल्या चेल्टनहॅमचा. 1858 मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाले आणि मद्रासकडच्या तुकडीत गेले. 30 मे 1863 रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे, खडी काढण्यासाठी खणलेल्या एका खड्ड्यात त्यांना माणसाने घडवलेले दगडी हत्यार सापडले. भारतातल्या अश्मयुगाचा अभ्यास सुरू झाला तो या दिवशी. त्याच वर्षी सप्टेंबरात विल्यम किंग या सहकाऱ्याबरोबर त्यांना अत्तिरमपक्कमची जागा सापडली. तिथे पुढेही उत्खनने झाली.

तो काळ मोठा गमतीचा होता. माणूस किती जुना, या प्रश्नाने युरोप-अमेरिकेत सगळे पेटलेले. फूट यांच्या शोधानंतर तीनच वर्षांनी, 1866 मध्ये, कॅलिफोर्नियाचे सरकारी भूवैज्ञानिक जोसाया व्हिटनी यांनी खाणमजुरांना खोल थरात सापडलेली एक कवटी विद्वानांच्या सभेत मांडली आणि ती लाव्हारसाखालच्या, माणसाच्या ज्ञात इतिहासाहून कितीतरी जुन्या काळातली असल्याचे जाहीर केले. कवटी व्हिटनींनी स्वतः थरातून काढलेली नव्हती. वर्तमानपत्रांनी थट्टा केली, ब्रेट हार्टने तिच्यावर विनोदी कविता लिहिली, पण व्हिटनी शेवटपर्यंत मागे हटले नाहीत. पुढे कवटी फार तर हजारेक वर्षांची निघाली. कुणीतरी चेष्टा म्हणून ती तिथे ठेवली असावी असे मानतात. हेच व्हिटनी योसेमिटीच्या दरीचा तळ खचून खाली गेला असे ठासून सांगत, आणि दरी हिमनद्यांनी कोरली म्हणणाऱ्या जॉन म्यूरना मेंढपाळ म्हणून हिणवत. तिथेही म्यूरच खरे ठरले. व्हिटनी विद्वान नव्हते असे नाही. पण दगड कुठल्या थरातून, कोणाच्या हातून आला, हे न पाहता त्यावर सिद्धान्त उभारला की काय होते ते त्यांच्याकडे बघून कळते. फूट यांनी आपली हत्यारे कुठल्या थरातली, हे तपासून मग लेख लिहिला. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आपल्या भागाकडे. फूट यांचे सर्वेक्षण पुढे दक्षिण मराठा मुलखात आले : बेळगाव, धारवाड आणि त्या वेळचा कलादगी जिल्हा. 1876 मध्ये सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेच्या 12 व्या खंडात या मुलखाच्या भूरचनेवर त्यांचा ग्रंथ निघाला. गोकाकचा धबधबा ज्या दगडावरून पडतो आणि बदामीची लेणी ज्यात कोरली, त्या थरांना कलादगीचे नाव फूट यांनीच दिले. गोकाकजवळ चिकडौली इथे त्यांना गेंड्याचे जीवाश्मही मिळाले. घटप्रभेच्या काठी एके काळी गेंडे चरत होते, हे तोवर कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

या ग्रंथात शिस्टचे पट्टे त्यांनी नाईसच्याच मोठ्या गटात धरले होते. तेव्हा सगळेच तसे धरत. मग बेल्लारी आणि अनंतपूरकडे काम करताना त्यांचे मत बदलत गेले. हे पट्टे नाईसचा भाग नाहीत, ते त्याच्यावर साचलेले, पुढे घड्या पडून त्यात खोचलेले वेगळे खडक आहेत, असे त्यांना दिसू लागले. 1886 च्या सुमारास त्यांनी हा गट वेगळा काढला, आणि 1888 मध्ये 'धारवाड प्रणाली' या नावाने, दक्षिण भारतातला सोन्याचा मुख्य खडकसमूह म्हणून, तो मांडला. सोन्याचा उल्लेख उगीच नव्हता. कोलार नुकतेच नावारूपाला येत होते, त्याआधी वायनाडात सोन्याच्या कंपन्यांनी लोकांचे पैसे बुडवले होते. नकाशावर धारवाडी पट्टा कुठून कुठे जातो हे ठरले, की सोने शोधायचे कुठे आणि कुठे वेळ घालवू नये, हेही बरेचसे ठरत होते.

फूट यांचा मुद्दा असा : नाईस थोरला, शिस्ट धाकटा. आधी नाईसची जमीन होती, ती झिजली, तिच्यावर वाळू, चिखल, गोटे साचले, लाव्हा पसरला, आणि हे सगळे दाबले-तापले जाऊन धारवाडी खडक झाले.

1891 मध्ये ते सर्वेक्षणातून निवृत्त झाले, बडोदा संस्थानाच्या नोकरीत राहिले, आणि म्हैसूर संस्थानाने 1894 मध्ये भूगर्भ खाते उभारले तेव्हा सुरुवातीच्या कामात तेही होते. नियतीचा खेळ असा, की त्याच खात्याने त्यांचा सिद्धान्त मोडीत काढला. 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातून विल्यम स्मीथ तिथे आले. पुढची दोन दशके म्हैसूरच्या खडकांचा बारकाईने नकाशा झाला, आणि 1916 च्या आपल्या आढाव्यात स्मीथ यांनी फूट यांच्या अगदी उलट चित्र मांडले : धारवाडी शिस्ट हेच सगळ्यांत थोरले आणि नाईस त्यांच्यात नंतर घुसलेला. एवढ्यावर ते थांबले नाहीत. धारवाडी खडक पाण्यात साचलेले नाहीतच, मुळात सगळे आग्नेय आहेत, असेही त्यांनी म्हटले. गोट्यांचे थर? ते खडक चिरडून, रगडून तयार झालेले खोटे गोटे. चुनखडी? रूपांतरित आग्नेय खडक. क्वार्टझाइट? तोही.

आज हे वाचताना हसू येते, पण स्मीथ यांच्या हाती पुरावा होता. खात्याच्या माणसांनी नाईसच्या शिरा शिस्टमध्ये घुसलेल्या प्रत्यक्ष पाहिल्या होत्या. जो दुसऱ्यात घुसतो तो मागाहून आलेला, हा भूविज्ञानातला साधा नियम. घुसलेली शीर पाहून शिस्ट जुना म्हणणे चूक नव्हतेच. चूक एवढीच, की काही ठिकाणचे निरीक्षण त्यांनी सगळ्या म्हैसूरला लावले, आणि मग जे त्यात बसेना त्याचे मूळच बदलून टाकले. माझ्या मते व्हिटनींची सवय इथे दुसऱ्या रूपात दिसते.

फूट हे सगळे बघायला उरले नव्हते. 29 डिसेंबर 1912 रोजी कलकत्त्यात ते वारले. आयुष्याच्या उतारवयात येरकाडला राहून त्यांनी आपला हत्यारांचा संग्रह लावला होता; तो मद्रासच्या संग्रहालयाने विकत घेतला आणि त्याच्या याद्या त्यांच्या मृत्यूनंतर छापून निघाल्या. बेल्लारीकडच्या राखेच्या टेकड्यांबद्दलही त्यांचा एक वाद होऊन गेला होता. लोक त्यांना राक्षसांच्या चितांची राख म्हणत. रॉबर्ट सेवेल यांना त्यात बळी आणि दहनाच्या खुणा दिसल्या. फूट म्हणाले, हे नवाश्मयुगातल्या गुराख्यांच्या गोठ्यांतले जळलेले शेण आहे. 1957 मध्ये रेमंड ऑलचिन यांनी उतनूरला खणले तेव्हा राखेत गुरांचे खूरही उमटलेले मिळाले, आणि फूट यांचे म्हणणे खरे ठरले.

धारवाडी खडकांचा निकाल इतका सरळ लागला नाही. म्हैसूरच्याच खात्यातल्या लोकांना पुढे क्वार्टझाइटमध्ये लाटांच्या वळ्या आणि प्रवाहाने साचलेले तिरके थर दिसू लागले. ते आग्नेय खडकात उमटत नाहीत. 1940 मध्ये बी. रामराव यांनी स्मीथ यांची आग्नेय उपपत्ती बरीचशी मागे टाकली. चिकमगळूर भागात कलदुर्गच्या गोट्यांच्या थरात ग्रॅनाइट आणि नाईसचे गोटे आहेत, आणि हा पुरावा टाळणे अवघड आहे. गोटा ज्या डोंगरातून निघाला तो डोंगर गोट्यांच्या थराआधी असलाच पाहिजे. शेवटी 1981 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 112 वा ग्रंथ काढला, त्यात स्वामीनाथ आणि रामकृष्णन यांनी शिस्टचेच दोन वंश असल्याचे दाखवले. सरगूर गटाचा शिस्ट खूप जुना, त्यात नाईस घुसलेला आहे. स्मीथ यांच्या माणसांनी पाहिलेल्या शिरांपैकी काही याच जातीच्या. धारवाडी शिस्ट त्यानंतरचा, झिजलेल्या नाईसवर साचलेला. म्हणजे फूट जिथे बोट ठेवून बोलले तिथे ते बरोबर होते.

आणि जोयडा? 1987 मध्ये अनमोड घाटातल्या नाईसचे वय रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीने काढलेले प्रसिद्ध झाले : सुमारे 340 कोटी वर्षे, चूकभूल 14 कोटींची. धारवाडी खडक साधारण 290 ते 260 कोटी वर्षांपूर्वीचे. मोलेमकडून हा घाट चढताना ज्या दगडावर आपली गाडी धापा टाकते तो गोव्याच्या सगळ्या लोखंडी खडकांचा पाया आहे, असे तिथले भूवैज्ञानिक मानतात. आकडे पाहिले तर फूट यांच्या बाजूने यापेक्षा स्वच्छ साक्ष कुठली मिळणार? फक्त इथे एक अडचण आहे. नाईस आणि शिस्ट यांची प्रत्यक्ष सांधजागा बघायची म्हटली तर तालुक्यात जंगल दाट, वर जांभा, आणि काळी नदीच्या पात्राचा मोठा भाग सुपा धरणाच्या पाण्याखाली. जुने सुपा गावही त्यातच गेले, आणि तिथली माणसे रामनगरला आली.

उघडी कापलेली जागा मग राहते ती रेल्वेची. कॅसलरॉकपासून खाली दूधसागरकडे जाणारा मार्ग 1880 च्या दशकात डोंगर फोडून काढला, आणि त्या कापांत हे दगड एकामागून एक दिसत जातात. पुढच्या भागात त्या रुळांच्या कडेने खाली उतरू.