विरामबिंदू व त्याची स्वयंचलित चाचणी

विरामबिंदू : चालू असलेली आज्ञावली एका ठराविक ओळीपाशी थांबावी व त्या क्षणीची चलांची मूल्ये तपासता यावीत, म्हणून त्या ओळीवर केलेल्या खुणेस विरामबिंदू किंवा ब्रेकपॉइंट म्हणतात. एनिॲक ह्या १९४६ साली लोकांपुढे आलेल्या अमेरिकन संगणकात निरनिराळ्या विभागांना जोडणाऱ्या तारांवरून आज्ञांचा क्रम ठरत असे. एखादी तार उपसली की गणन तेथेच थांबे. ह्यावरूनच हे नाव पडले असून कल्पनेचे श्रेय बेटी होल्बर्टन यांना दिले जाते. इंटेलच्या एक्स ८६ मालिकेतील प्रक्रियकांत डीबगर हा दोषशोधक त्या जागेच्या आज्ञेचा पहिला बाइट जपून ठेवतो व तेथे थांबण्याची एकच बाइटाची आज्ञा घालतो.

कोड एडिटर स्वतः आज्ञावली थांबवीत नाही. व्हिज्युअल स्टुडिओ कोड ह्या मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आणलेल्या एडिटरमध्ये ओळीच्या डाव्या समासात क्लिक केले किंवा एफ ९ ही कळ दाबली, की तांबडा ठिपका उमटतो. हा ठिपका म्हणजे डीबगरला केलेली विनंती होय. डीबगरने ती स्वीकारली नाही, तर ठिपका करडा व पोकळ होतो.

म्हणून ह्या सोयीची स्वयंचलित चाचणी वाटते तितकी सोपी नाही. सदर एडिटर इलेक्ट्रॉनवर, म्हणजे क्रोमियम ह्या ब्राउझरच्या गाभ्यावर उभारलेला असल्याने वेब पृष्ठांसाठी असलेल्या वेबड्रायव्हरसारख्या साधनांनी त्यात मानवाप्रमाणे क्लिक करता येते. तथापि एडिटर पडद्यावर दिसणाऱ्या व लगतच्या ओळीच रेखाटतो. पाचशेवी ओळ हवी असेल, तर चाचणीने आधी तेथवर सरकले पाहिजे. शिवाय त्याच जागी दुसऱ्यांदा क्लिक केल्यास खूण पुसली जाते. पहिला प्रयत्न फसला असे समजून घाईने केलेला दुसरा प्रयत्न आधीचे यशच नाहीसे करतो. ह्यासाठी क्लिक करण्यापूर्वी खूण आहे की नाही, हे वाचणे आवश्यक ठरते.

ठिपका दिसताच चाचणी उत्तीर्ण ठरविणे ही सर्वांत घातक चूक होय, कारण डीबगर पूर्णतः निकामी असतानाही ठिपका उमटतो. आज्ञावली खरोखर थांबली का, कोणत्या ओळीवर थांबली आणि तेथे चलाचे मूल्य अपेक्षित आहे का, हे तपासावे लागते. रिकाम्या ओळीवरील खूण काही डीबगर पुढील ओळीवर नेतात, तेव्हा ओळ क्रमांकाची तुलनाही डोळे झाकून करता येत नाही. ठराविक सेकंद थांबून पाहण्यापेक्षा थांबल्याची खूण दिसेपर्यंत, एका कमाल मर्यादेत, वाट पाहणे अधिक विश्वसनीय असते. मंद संगणकावर ठराविक सेकंद अपुरे पडतात व जलद संगणकावर ते वाया जातात.

एडिटर खुणा लक्षात ठेवत असल्याने चाचणीअखेर त्या पुसाव्या लागतात. अन्यथा तेच काम पुन्हा उघडून चालविलेली पुढील चाचणी अनपेक्षित ठिकाणी थांबून राहते.