मिठाच्या पाण्यावरची ज्योत

परीक्षानळीत मिठाचं पाणी घ्यायचं, नळी रेडिओ लहरींच्या झोतात धरायची आणि तोंडाशी जळती काडी न्यायची. पिवळीधमक ज्योत उभी राहते. लहरी चालू आहेत तोवर जळते, बटण बंद केलं की विझते.

या लहरी सोडणारं यंत्र जॉन कान्झियस यांचं. अमेरिकेतल्या एरी शहरात त्यांची हयात रेडिओ-टीव्हीच्या प्रक्षेपणात गेली. २००२ मध्ये रक्ताच्या कर्करोगाचं निदान झालं, केमोथेरपीने ते पार पिळवटून निघाले. गाठीत धातूचे कण सोडून फक्त तेवढेच रेडिओ लहरींनी तापवता येतील, हा विचार तिथून आला. पहिल्या जुळणीसाठी त्यांनी पत्नीच्या स्वयंपाकघरातल्या थाळ्या वापरल्या. पुढे समुद्राचं पाणी गोडं करता येतं का, हे पाहताना २००७ मध्ये पाणीच पेटलं.

बातमी जगभर गेली: पाण्यावर गाड्या धावणार! मूळचे रांचीचे, पेन स्टेट विद्यापीठातले पदार्थशास्त्रज्ञ रुस्तम रॉय यांनी प्रयोग करून पाहिला आणि ज्योत खरी असल्याचं सांगितलं. माझ्या मते त्यांनी योग्य तेच केलं. आधी डोळ्यांनी पाहावं, मग वाद घालावा.

वाद घालण्यासारखं मात्र बरंच होतं. यंत्राची वारंवारता १३.५६ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे मेट्रोचं कार्ड गेटला टेकवताना वापरली जाते तीच. ज्योतीत जळणारा हायड्रोजन पाण्याच्या रेणूतून तोडायला सुमारे ५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात; या लहरीच्या एका फोटॉनची ऊर्जा त्याच्या सुमारे नऊ कोटींव्या हिश्श्याइतकी. एकट्या फोटॉनच्या आवाक्यातलं हे काम नव्हे. मिठाचे आयन लहरींची ऊर्जा शोषतात, पाणी तापतं. हायड्रोजन नेमका कोणत्या वाटेने सुटतो, हा खरा संशोधनाचा प्रश्न होता. ज्योतीचा पिवळा रंग सोडियमचा, हायड्रोजनची स्वतःची ज्योत जवळजवळ दिसतच नाही.

इंधनाचा हिशेब त्याहून सरळ आहे. हायड्रोजन जळून पुन्हा पाणीच होतं, म्हणून पाणी फोडायला घातली त्याहून जास्त ऊर्जा परत मिळूच शकत नाही. वर यंत्रात उष्णता वाया जाते ती वेगळीच. यंत्राला लागणारी वीज थेट गाडीला दिली तर गाडी जास्त लांब जाईल.

मला या गदारोळाचं वाईट वाटतं ते दुसऱ्याच कारणाने. ज्योतीच्या चित्रफिती घरोघरी पोचल्या, पण कान्झियस यांचा जीव अडकला होता कर्करोगाच्या उपचारात. ह्यूस्टन आणि पिट्सबर्गचे डॉक्टर प्राण्यांवर त्याच्या चाचण्या करत होते. माणसांवर चाचणी सुरू होण्याआधीच, फेब्रुवारी २००९ मध्ये, कान्झियस गेले.