पुसलेले परत कसे येते?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या हातून एक चूक घडली. तिच्यापायी माझे दोन तासांचे काम वाया गेले. पण त्या निमित्ताने संगणकाविषयीची एक गोष्ट मला नीट उमगली. संगणकावर चित्रे काढणाऱ्या, छायाचित्रे दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असायला हवी, म्हणून येथे सांगतो.

माझ्या आजीचे एकच छायाचित्र आहे. ते मामाकडे, काळ्या पुठ्ठ्याच्या जुन्या अल्बममध्ये चिकटवलेले आहे. दमट हवेमुळे त्यावर बुरशीचे डाग पडले होते. मी स्कॅनरने त्याची प्रत संगणकावर घेतली आणि चित्रसंपादनाच्या एका आज्ञावलीत ती उघडून एकेक डाग पुसू लागलो. शंभराच्या वर डाग होते. मधून मधून मी फाइल त्याच नावाने जतनही करीत होतो. काम संपत आले तेव्हा आई मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ पडद्याकडे पाहून ती म्हणाली, "छान झालंय रे. पण आईच्या हनुवटीवरचं गोंदण कुठं गेलं?"

मी चपापलो. बुरशीचा डाग समजून गोंदणाचा तो ठिपका मी अगदी सुरुवातीलाच पुसून टाकला होता!

तरी मी निर्धास्त होतो. 'कंट्रोल' ही कळ दाबून धरली आणि 'झेड' दाबले, की शेवटची कृती रद्द होते. याला 'अनडू' म्हणतात. रद्द केलेली कृती पुन्हा हवी असेल तर 'रीडू'. मी 'अनडू' करीत निघालो. एकेक डाग परत उमटू लागला. पन्नास वेळा कळ दाबून झाली आणि संगणक थांबला. गोंदण काही आले नाही. आता निदान पुढे तरी जावे म्हणून 'रीडू'कडे वळलो, तोच माउसवरचे बोट चुकून दाबले गेले आणि चित्रावर बारीकसा ठिपका उमटला. त्याबरोबर 'रीडू' हा शब्द अंधूक झाला. पुढची वाट बंद!

म्हणजे गोंदणही गेले आणि केलेली दुरुस्तीही गेली. असे का व्हावे? संगणकाला पन्नास पावलांच्या मागे का जाता येऊ नये? आणि एका ठिपक्याने पुढची वाट का बुजावी? आपण एकेक प्रश्न घेऊ.

संगणक उलटा चालत नाही

आपल्याला वाटते की 'अनडू' म्हणजे तीच कृती उलट्या दिशेने करणे. तसे ते सहसा नसते. कारण पुष्कळशा कृती उलट करताच येत नाहीत.

संगणकातील चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता. काळ्यापांढऱ्या चित्रात प्रत्येक चित्रबिंदूला ० ते २५५ यांपैकी एक आकडा असतो. ० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. आता कागद-पेन्सिल घ्या. समजा शेजारशेजारच्या तीन बिंदूंचे आकडे १८०, २१० आणि २३० आहेत. चित्र उजळ करण्यासाठी प्रत्येकात ६० मिळवू. उत्तर येईल २४०, २७० आणि २९०. पण २५५ च्या वर जागाच नाही. म्हणून संगणक २४०, २५५, २५५ असे लिहितो. आता उलट कृती करू, म्हणजे ६० वजा करू. मिळतील १८०, १९५ आणि १९५. मूळचे २१० आणि २३० कुठे गेले? त्या दोन बिंदूंतला फरक कायमचा पुसला गेला. उत्तराकडे पाहून तो सांगता येणार नाही.

चित्र धूसर करणे ही कृतीही अशीच आहे. तीत साधारणपणे शेजारच्या बिंदूंची सरासरी काढतात. १०, २० आणि ६० यांची सरासरी ३०. आणि ३०, ३०, ३० यांचीही ३०च. नुसते ३० पाहून मूळचे आकडे कोणते ते कसे ओळखणार? पाण्याच्या पेल्यात शाईचा थेंब टाकून ढवळल्यावर उलटे ढवळून थेंब परत मिळत नाही, तसाच हा प्रकार.

काही कृती मात्र खरोखरच उलटवता येतात. चित्र ९० अंशांत चार वेळा फिरवा, ते होते तसे उभे राहते. प्रत्येक आकडा २५५ मधून वजा केला की फोटोच्या निगेटिव्हसारखे चित्र मिळते. तीच कृती पुन्हा केली की मूळ चित्र परत येते. पण डाग पुसणे या जातीचे नाही. डागावर शेजारचे आकडे लिहिले, की जुने आकडे गेलेच.

मग 'अनडू' होते कसे? युक्ती साधी आहे. आकडे बदलण्यापूर्वीच संगणक जुने आकडे बाजूला नोंदवून ठेवतो. 'अनडू' म्हटले की ती नोंद जागेवर आणून ठेवतो. म्हणजे हे मागे जाणे नव्हे, ही जपून ठेवलेली आठवण होय. आणि आठवण ठेवायची म्हणजे जागा लागणारच!

पन्नासच पावले का?

ही जागा किती लागते? मोबाइलने काढलेल्या एखाद्या छायाचित्रात ४,००० × ३,००० म्हणजे १ कोटी २० लाख बिंदू असतात. रंगीत चित्रात प्रत्येक बिंदूला तांबडा, हिरवा व निळा यांचे तीन आकडे, आणि प्रत्येक आकड्याला एक बाइट. एकूण ३ कोटी ६० लाख बाइट झाले. प्रत्येक पावलाला अशी अख्खी प्रत ठेवली तर पन्नास पावलांना १८० कोटी बाइट लागतील.

म्हणून आज्ञावली लिहिणारे काटकसर करतात. चित्राचे फरशीसारखे लहान लहान चौकोन पाडतात आणि जे चौकोन बदलले तेवढ्यांचीच जुनी प्रत ठेवतात. समजा एक चौकोन ६४ × ६४ बिंदूंचा आहे. त्याला १२,२८८ बाइट लागतात. ब्रशचा फटकारा चार चौकोनांना शिवला तर ४९,१५२ बाइट पुरे. अख्ख्या प्रतीच्या सातशेव्या हिश्श्याहूनही कमी! पण संपूर्ण चित्र उजळ केले, तर सगळेच चौकोन बदलतात आणि काटकसर संपते.

पूर्वी तर ही चैन परवडतच नव्हती. १९७६ मध्ये आय.बी.एम.च्या मिलर आणि थॉमस या संशोधकांनी, वापरणाऱ्याला निदान शेवटची आज्ञा तरी मागे घेता यावी, असे सुचवले होते. १९८४ साली आलेल्या मॅकिंटॉश संगणकाची स्मृती होती १,३१,०७२ बाइट. त्याच्या पडद्यावर ५१२ × ३४२ बिंदू होते. प्रत्येक बिंदू एक तर काळा नाही तर पांढरा, म्हणून एका बाइटमध्ये आठ बिंदू मावत. तरी पूर्ण पडद्याच्या एका चित्राला २१,८८८ बाइट, म्हणजे स्मृतीचा सुमारे सहावा हिस्सा लागे! बिल ॲटकिन्सन यांनी त्यासाठी लिहिलेल्या 'मॅकपेंट' मध्ये चालू चित्राची एक प्रत आणि शेवटच्या कृतीपूर्वीची एक प्रत, अशा दोनच प्रती असत. म्हणून एकच पाऊल मागे जाता येई. १९९० साली आलेल्या 'फोटोशॉप'मध्येही १९९८ च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत एकाच पावलाची सोय होती. त्या आवृत्तीत पावलांची यादी दाखवणारा 'हिस्टरी' फलक आला.

माझ्या आज्ञावलीत पन्नासाची मर्यादा होती. एकावन्नावे पाऊल टाकले की सर्वांत जुनी आठवण पुसली जाई. बारीकसा डाग पुसणे हेही तिच्या लेखी एक पूर्ण पाऊलच. शंभर डाग पुसेपर्यंत गोंदणाची आठवण केव्हाच बाहेर पडली होती.

पुढची वाट का बुजते?

वह्यांच्या दोन चळती डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक कृतीची एक वही. काम करीत असताना वह्या डाव्या चळतीवर चढतात. 'अनडू' केले की वरची वही उचलून उजव्या चळतीवर जाते. 'रीडू' केले की ती परत डावीकडे येते. इतके ठीक. पण मधेच तुम्ही नवी कृती केलीत तर? तिची वही डावीकडे येते आणि उजवी चळत सगळीच्या सगळी फेकून दिली जाते!

हे निव्वळ क्रौर्य नव्हे. उजवीकडच्या वहीत 'अमुक जागी अमुक आकडे ठेवा' असे लिहिलेले असते. चित्र तुम्ही मधेच आडवे केलेत, तर ती जागाच हलते. मग जुनी वही भलत्याच ठिकाणी रंग फासेल. पण माझ्यासारख्याचा बारीक ठिपका आणि चित्र आडवे करणे यांत ही पद्धत फरक करीत नाही.

याला उपाय नाही असे नाही. 'व्हिम' या मजकूर लिहिण्याच्या आज्ञावलीत २००६ पासून जुनी वाट फेकून न देता तिला फाटा फुटल्यासारखे जपून ठेवतात. 'फोटोशॉप'मध्येही अशी एक सोय आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते.

आणखी एक घोटाळा सवयीचा. २०१८ पर्यंत 'फोटोशॉप'मध्ये 'कंट्रोल' व 'झेड' दुसऱ्यांदा दाबले की आणखी मागे न जाता पहिले रद्द झालेलेच परत येई. इतर आज्ञावलींची सवय असलेला माणूस तेथे हमखास गोंधळे.

मग काय करावे?

पहिला नियम: मूळ प्रतीला हात लावू नये. फाइल उघडताच ती दुसऱ्या नावाने जतन करावी. आणि हे ध्यानात ठेवावे, की फाइल बंद केली की पावलांची यादी सहसा नाहीशी होते.

दुसरा नियम: चित्रावर न लिहिता चित्राच्या वर लिहावे. नकाशावर पारदर्शक कागद ठेवून आपण खुणा करतो, नकाशा कोराच राहतो. तसेच चित्रावर एक पारदर्शक थर घेऊन त्यावर दुरुस्ती करता येते. उजळपणा वगैरे बदलांसाठीही असे थर 'फोटोशॉप'मध्ये १९९६ पासून आहेत. 'गिम्प' या मोफत मिळणाऱ्या आज्ञावलीच्या मार्च २०२५ च्या ३.० आवृत्तीतही, मूळ आकडे न बदलता वरून परिणाम लावून ठेवण्याची सोय झाली आहे. अशा वेळी पन्नास पावले मागे जावेच लागत नाही; नको असलेली तेवढीच दुरुस्ती काढून टाकायची.

मी पुढच्या रविवारी पुन्हा मामाकडे गेलो आणि छायाचित्र नव्याने स्कॅन केले. या वेळी पारदर्शक थरावर काम केले आणि डाग पुसताना आईला शेजारी बसवून घेतले. कारण कोणता ठिपका डाग आणि कोणता गोंदण, हे संगणकाला कळत नाही आणि मलाही कळले नव्हते. ते तिला ठाऊक होते.