मुदत ठेव मोडण्यापूर्वी

एम.एस्सी. झालेली कन्या पीएच.डी. करू म्हणते, तेव्हा आपल्या घरांत पहिली चर्चा होते ती मुदत ठेव मोडण्याची. वास्तविक विज्ञान व अभियांत्रिकीतील संशोधनात मानधन विद्यार्थ्यालाच मिळावयाचे असते. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून ‘जेआरएफ’ अधिछात्रवृत्ती मिळाल्यास २०२३ पासूनच्या दरांनुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,००० रुपये; घरभाडे भत्ता निराळा. जर्मनीत ही बहुधा करारावरची पगारी नोकरीच असते. अमेरिकेत सामान्यतः शिक्षणशुल्क माफ होऊन साहाय्यकाचे वेतन मिळते. मात्र तेथील बरेचसे अर्ज आदल्या डिसेंबरातच जातात.

प्राध्यापकांचे दोन शोधनिबंध वाचून त्यांना थेट, थोडक्यात लिहावे. जागा देऊ केल्यास विचारावे : पैसा अधिछात्रवृत्तीचा की प्रकल्पाचा? प्रकल्प आधी संपला तर पुढे काय? उधारी देताना पेढीवर आपण एवढी चौकशी करतोच. येथेच संकोच का? उत्तर लेखी घ्यावे. ‘पहिले वर्ष स्वखर्चाने’ असे उत्तर आल्यास दुसरी जागा शोधावी.

खरी गुंतवणूक पाच वर्षांची आहे. विवाहाची बोलणी त्या काळात करावयाची की नंतर, हे मात्र अर्ज पाठविण्यापूर्वी तिलाच विचारावे.