अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी चळवळीतील अंतर्गत मतभेद : एक अभ्यास

प्रस्तावना :

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेमुळे मराठी वाचकाच्या मनात या चळवळीची एकसंध प्रतिमा उभी राहते. प्रत्यक्षात ही चळवळ आतून दुभंगलेली होती. या मतभेदांचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१८४० ची फूट :

विल्यम लॉइड गॅरिसन यांनी १८३१ मध्ये बोस्टन येथे 'द लिबरेटर' हे साप्ताहिक सुरू केले. १८३३ मध्ये फिलाडेल्फिया येथे अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटी स्थापन झाली. गुलामांची तात्काळ मुक्ती या ध्येयाबाबत सर्वांचे एकमत होते. वाद मार्गाचा होता. गॅरिसन यांचा भर नैतिक आवाहनावर होता. ते चर्चवर कठोर टीका करीत आणि निवडणुकीचे राजकारण त्याज्य मानीत. मे १८४० च्या अधिवेशनात अ‍ॅबी केली या स्त्रीची समितीवर निवड होताच लुईस टॅपन व त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी स्वतंत्र संस्था काढली. त्याच वर्षी लंडन येथील जागतिक परिषदेत स्त्री-प्रतिनिधींना स्थान नाकारण्यात आले, तेव्हा गॅरिसन निषेध म्हणून प्रेक्षकांच्या सज्जात बसले.

राज्यघटना व राजकारण :

गॅरिसन यांच्या मते अमेरिकेची राज्यघटना गुलामगिरीला संरक्षण देणारी होती. १८५४ मध्ये त्यांनी तिची प्रत जाहीरपणे जाळली. याउलट, लिबर्टी पक्षाने मतपेटीचा मार्ग स्वीकारला. त्याचे उमेदवार जेम्स बर्नी यांना १८४० मध्ये सुमारे ७ हजार, तर १८४४ मध्ये सुमारे ६२ हजार मते मिळाली. पुढे १८४८ मध्ये फ्री सॉइल पक्षामुळे मते वाढली. परंतु मागणी सौम्य झाली. गुलामगिरीच्या निर्मूलनाऐवजी तिचा विस्तार रोखणे एवढेच उद्दिष्ट उरले.

कृष्णवर्णीय नेत्यांची भूमिका :

स्वतः दास्य भोगलेल्या नेत्यांमध्येही एकवाक्यता नव्हती. १८४३ मध्ये बफेलो येथील परिषदेत हेन्री हायलंड गार्नेट यांनी गुलामांना प्रतिकाराचे आवाहन केले, तेव्हा फ्रेडरिक डग्लस यांनी त्यास विरोध केला. डग्लस यांनी १८४७ मध्ये स्वतःचे वृत्तपत्र काढले. १८५१ मध्ये त्यांनी राज्यघटनेचा अर्थ स्वातंत्र्याच्या बाजूने लावता येतो अशी भूमिका घेतली आणि ते गॅरिसन यांच्यापासून दुरावले. आपल्या लढ्याची दिशा श्वेतवर्णीय हितचिंतकांनी ठरवावी काय, हा प्रश्नही या दुराव्यामागे होता.

समारोप :

१८६५ मध्ये गॅरिसन यांनी संस्थेचे कार्य संपल्याचे सांगून ती विसर्जित करण्याचा प्रस्ताव मांडला. मताधिकाराशिवाय मुक्ती अपूर्ण आहे, असे डग्लस यांचे प्रतिपादन होते. प्रस्ताव फेटाळला गेला. वंशाच्या आधारे मताधिकार नाकारण्यास मनाई करणारी पंधरावी घटनादुरुस्ती १८७० मध्ये संमत झाल्यावरच संस्था बंद झाली. मात्र त्या दुरुस्तीत स्त्रियांना स्थान नव्हते.

यावरून असे दिसते की, या मतभेदांना केवळ व्यक्तिगत हेवेदावे म्हणता येणार नाही. बेड्या तोडणे म्हणजे मुक्ती, की समान नागरिकत्व म्हणजे मुक्ती, हा त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न होता. फुटीमुळे चळवळीची शक्ती विभागली गेली हे खरे; परंतु या वादामुळेच तो प्रश्न १८६५ नंतरही जिवंत राहिला.