रात्री आकाशात दिसणारे दिवे

२०२४ च्या पावसाळ्यात शिरूर-दौंडच्या गावांवर रात्री ड्रोनसारखे दिवे फिरताना दिसले. चोर टेहळणी करताहेत, अशी आवई उठली आणि वाड्यावस्त्यांवर लोक जागता पहारा देऊ लागले.

अशा दिव्यांचा छडा कसा लावायचा? अंधारात अंतराचा अंदाज हमखास चुकतो. जवळचा मिणमिणता दिवा आणि लांबचा प्रखर दिवा डोळ्यांना सारखेच वाटतात. म्हणून दोन गावांतून एकाच वेळी दिव्याची दिशा आणि कोन मोजावा. त्रिकोणमितीने अंतर निघते. विमानाच्या डाव्या पंखावर तांबडा दिवा असतो, उजव्यावर हिरवा. शुक्र लुकलुकत नाही आणि संथपणे मावळतीकडे कलतो. माळेसारखे सरकणारे ठिपके बहुधा स्टारलिंकचे उपग्रह असतात.

अमेरिकेतील ब्राउन माउंटनवरच्या गूढ दिव्यांची १९२२ मध्ये भूवैज्ञानिक जॉर्ज मॅन्सफील्ड यांनी अशीच मोजणी केली. बहुतेक दिवे मोटारींचे आणि रेल्वे इंजिनांचे निघाले. नॉर्वेतील हेसडालेन खोऱ्यात मात्र १९८४ पासून शास्त्रीय निरीक्षणे होऊनही काही दिव्यांचे कोडे सुटलेले नाही.

तेव्हा दिवा दिसला, की आधी वेळ, दिशा आणि रंग टिपून ठेवावा. तर्क नंतर लढवावेत.